पडदा आणि प्रिंट: रंगजुळवणीच्या प्रकल्प नोंदी, जून-जुलै २०२५

काम: रत्नागिरीतल्या एका फोटो स्टुडिओत मॉनिटरवर दिसणारा फोटो आणि हातात येणारी प्रिंट यांचे रंग जुळवणे.

तक्रारी नेहमीच्याच. प्रिंट डार्क येते, चेहरे लाल मारतात, निळा शालू जांभळा होतो.

सामान: २४ इंची आयपीएस मॉनिटर (रंगांचा पल्ला साधारण एसआरजीबीएवढा, म्हणजे संगणकावरच्या नेहमीच्या प्रमाणित रंगपल्ल्याएवढा), विंडोज ११, फोटोशॉप, सहा शाईंचा ए३+ इंकटँक प्रिंटर. शाया सगळ्या डाय (विरघळलेल्या रंगाच्या) प्रकारच्या: सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी, फिकट सायन, फिकट मॅजेंटा. कागद दोन: २७० जीएसएम आरसी (प्लॅस्टिकचा थर असलेला) ग्लॉसी आणि १८० जीएसएम मॅट. मोजणीला आयवन प्रो स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंगाचा वर्णपट मोजणारं यंत्र), सॉफ्टवेअर आर्गिल सीएमएस (पुढे येणारी डिसपकॅल, टार्जेन, कोलप्रॉफ ही त्यातलीच साधनं).

९ जून: आधी उजेड

मॉनिटरला हात लावायच्या आधी टेबलावरचा उजेड पाहिला. छताला ६५०० केल्विनच्या साध्या एलईडी ट्यूब आहेत. डब्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ८० लिहिलेला असतो, पण तो सरासरीचा आकडा. त्या सरासरीत गडद लाल, म्हणजे आर-९, धरलेलाच नसतो आणि स्वस्त ट्यूबमध्ये तो शून्याच्या आसपास असतो. त्यामुळे कुंकू आणि मरून शालू या उजेडात तपकिरी दिसतात. ऑपरेटर लाल वाढवतो, गिऱ्हाईक प्रिंट दारात उन्हात नेतं, आणि तिथे चेहरा लालभडक. ही तक्रार प्रिंटरची नव्हे, ट्यूबची.

प्रिंट तपासायच्या टेबलावर ५००० केल्विन, सीआरआय ९५ च्या दोन ट्यूब लावल्या. मागची भिंत पिस्ता रंगाची होती, तिच्यावर फिकट राखाडी डिस्टेंपर. भिंतीचा रंग परावर्तित होऊन कागदावर पडतो आणि पांढऱ्या कागदावर तो लगेच कळतो. खिडकीला जाड पडदा.

छपाईच्या तपासणीसाठी आयएसओ ३६६४ मध्ये दोन पातळ्या आहेत. बारकाईच्या तुलनेला २००० लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप), आणि प्रिंट प्रत्यक्षात कशी दिसेल हे बघायला ५०० लक्स, दोन्ही डी५० उजेडात, म्हणजे साधारण ५००० केल्विनच्या प्रमाणित उजेडात. आल्बम घरातल्या उजेडात उघडला जातो, त्यामुळे इथे २००० लक्सचा उपयोग नाही. ट्यूब वरखाली करून टेबलावर ४५० लक्स आणले.

मॉनिटर किती उजळ ठेवायचा हे याच आकड्यावरून निघतं. कागदाची चमक = लक्स × परावर्तन ÷ ३.१४. आपला ग्लॉसी कागद साधारण ८८ टक्के उजेड परत फेकतो, म्हणजे ४५० × ०.८८ ÷ ३.१४ = १२६ कँडेला प्रति चौरस मीटर. मॉनिटरवर कोरा पांढरा पडदा मोजला तर २८०. कागदाच्या पांढऱ्यापेक्षा पडद्याचा पांढरा सव्वादोन पट उजळ, म्हणजे एका स्टॉपहून (दुपटीहून) थोडा जास्तच. अशा पडद्यावर फोटो ‘बरोबर’ केला की प्रिंट डार्क येणारच.

११ जून: मॉनिटर

फॅक्टरी रीसेट. डायनॅमिक काँट्रास्ट, इको मोड, आपोआप ब्राइटनेस हे सगळं बंद. विंडोजमधला नाइट लाइट बंद, ग्राफिक्स कार्डाच्या पॅनेलमधले ‘व्हिव्हिड’ वगैरे बंद. अर्धा तास गरम होऊ दिला, थंड पॅनेलची मोजणी हलत राहते.

क्रम असा ठेवला:

ब्राइटनेसच्या बटणाने बॅकलाइट १२० कँडेलापर्यंत खाली. काँट्रास्टला हात नाही, त्याने उजळ छटा कापल्या जातात. मग पांढरा रंग मॉनिटरच्याच मेन्यूतल्या लाल-हिरवा-निळा गेनने आणला. हे काम ग्राफिक्स कार्डाच्या रंगदुरुस्तीच्या तक्त्यावर सोडलं तर ८ बिटांतल्या पायऱ्या खर्च होतात आणि आकाशात पट्टे दिसायला लागतात. शेवटी आर्गिलच्या डिसपकॅलने गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) २.२ आणि राखाडी छटा सरळ केल्या आणि डिसप्लेचं प्रोफाइल, म्हणजे हा पडदा रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल, बनवलं. काळा ०.१२ कँडेला आला, म्हणजे काँट्रास्ट १००० ला १.

पांढऱ्याचा मुद्दा जरा सविस्तर लिहून ठेवायला हवा, कारण पुस्तकी आकड्यावर अडून बसणारे इथेच फसतात. ट्यूब ५००० केल्विन आहे म्हणून मॉनिटरही ५००० वर नेला तर तो कागदाशेजारी पिवळट दिसतो. ६५०० वर निळसर. मोजणीयंत्र एक प्रमाणित डोळा धरून चालतं, आपला डोळा तसाच्या तसा नसतो. शिवाय एलईडी बॅकलाइट आणि ट्यूब यांचे वर्णपट वेगळे. म्हणून कोरा कागद टेबलावर, पडद्यावर तेवढाच पांढरा चौकोन, भोवती मधला राखाडी, आणि गेन हलवत दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत बघायचं. इथे जुळणी डी५५ (साधारण ५५०० केल्विन) च्या आसपास झाली, रंगाचे निर्देशांक: एक्स ०.३३२, वाय ०.३४७. हाच आकडा लक्ष्य म्हणून साठवला, पुढच्या प्रत्येक कॅलिब्रेशनला हाच वापरायचा. ट्यूब किंवा मॉनिटर बदलला तर मात्र नव्याने.

संगणक झोपेतून उठल्यावर कॅलिब्रेशनचा तक्ता कधीकधी उडतो आणि पडदा किंचित निळा होतो. तो तक्ता पुन्हा भरणारा लोडर स्टार्टअपला टाकला आहे. संशय आला तर लोडर पुन्हा चालवून पडद्यात फरक पडतो का ते पाहावं.

१३ जून: प्रिंटर जागेवर आणणे

नोझल चेकमध्ये फिकट मॅजेंटाच्या दोन रेघा तुटक. हे वाईट, कारण चेहऱ्याच्या उजळ छटा मुख्यतः फिकट मॅजेंटा आणि पिवळीवरच उभ्या असतात. हेड क्लिनिंगनंतर रेघा पूर्ण. हेड अलाइनमेंट केलं. हायस्पीड, म्हणजे हेडने जाता-येता दोन्ही बाजूंनी छापणं, बंद. चौकोनांच्या कडा स्वच्छ हव्यात.

ड्रायव्हरमधला कागदाचा प्रकार हा नुसता नावाचा पर्याय नसतो. कागदावर किती शाई सोडायची हे तोच ठरवतो. कागद बाजारातला, ड्रायव्हरच्या यादीत त्याचं नाव नाही. त्यामुळे शून्य ते शंभर टक्क्यांच्या पट्ट्या सगळ्या ग्लॉसी प्रकारांवर काढून पाहिल्या. एका प्रकारात काळ्याशेजारच्या लाल रंगाची शाई डबक्यासारखी साचून कडा पसरली, दुसऱ्यात काळा धुरकट. ‘फोटो पेपर ग्लॉसी’ आणि क्वालिटी ‘हाय’ यावर ९० आणि १०० टक्क्यांतला फरक अजून दिसतो आणि शाई साचत नाही. तोच पक्का. प्रिंटरचं प्रोफाइल या जोडीचं असतं. यातलं काहीही बदललं की ते निकामी.

१६ जून: तक्ता छापणे

प्रिंटरचं प्रोफाइल बनवायला टार्जेनने ८०० रंगचौकोन: ४ कोरे पांढरे, ४ काळे, ३२ पायऱ्यांची राखाडी पट्टी, बाकी सगळ्या रंगपल्ल्यात विखुरलेले. चेहऱ्याच्या आणि राखाडीच्या भागात चुका डोळ्यांत भरतात, म्हणून राखाडी पायऱ्या जास्त.

तक्ता छापताना रंगदुरुस्ती कुठेही चालू असता कामा नये. फोटोशॉपने ‘नो कलर मॅनेजमेंट’चा पर्याय सीएस५ पासून काढून टाकला, म्हणून अडोबी कलर प्रिंटर युटिलिटीतून छापला. ड्रायव्हरमध्ये कलर करेक्शन ‘कस्टम’, आत ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’. मोठं-लहान करण्याचा पर्याय बंद, नाहीतर चौकोन मोजणीच्या ओळींत बसत नाहीत.

हवेत पाऊस आहे. एसी बंद असताना खोलीतली आर्द्रता ८८ टक्के. अशा दमटात डाय शाई हाताला कोरडी लागते, पण रंग सरकत राहतात, विशेषतः काळा आणि गडद निळा. पानं एकावर एक न ठेवता एसीच्या खोलीत सुटी पसरली. मोजणी चोवीस तासांच्या आत नाही. (फ्रेमच्या कामालाही हाच नियम लावावा. ओली आरसी प्रिंट काचेमागे बंद केली की शाईतला ग्लायकॉल काचेवर धुकं धरतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं काच घाणेरडी दिली.)

१८ जून: मोजणी

तक्त्याखाली त्याच कागदाची दोन कोरी पानं, म्हणजे टेबलाचा रंग आरपार येत नाही. पट्टी धरून ओळीमागून ओळ, एकाच वेगाने. मध्येच एक ओळ अपेक्षित रंगांपासून दूर असल्याचा इशारा आला. पाहिलं तर कागदावर बोटाचा ठसा. ग्लॉसीच्या चौकोनांना हात लावायचा नाही, सुती मोजे घालायचे. ते पान पुन्हा छापून, वाळवून नंतर वाचलं.

२० जून: दोन प्रोफाइल

एकाच मोजणीतून मुद्दाम दोन प्रोफाइल बनवली. एक साधं, दुसरं कागदातल्या ब्राइटनरची भरपाई करणारं.

कारण असं. स्वस्त ग्लॉसी कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात ऑप्टिकल ब्राइटनर घातलेले असतात. ते अतिनील किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकतात. आपल्या यंत्राच्या दिव्यात थोडे अतिनील किरण आहेत, म्हणून यंत्राला कागद निळसर दिसतो: बी-स्टार (उणे म्हणजे निळा, अधिक म्हणजे पिवळा) उणे ६. टेबलावरच्या एलईडी ट्यूबमध्ये अतिनील जवळजवळ नाहीतच, तिथे ब्राइटनर पेटतच नाहीत. साधं प्रोफाइल समजतं की कागद निळा आहे आणि उजळ छटांत पिवळा भरतं. पांढरा शर्ट, नवरदेवाचा फेटा, शेवंतीची वेणी, सगळ्यावर पिवळट झाक.

भरपाईसाठी ट्यूबचा वर्णपट वेगळा मोजून तो कोलप्रॉफला दिला. यंत्राने प्रत्येक चौकोनाचा पूर्ण वर्णपट साठवलेला असतो, त्यामुळे पुन्हा छापायची गरज पडली नाही. दुसऱ्या प्रोफाइलच्या प्रिंटमध्ये शर्ट पांढरा. तेच ठेवलं. खिडकीतल्या उन्हात ती प्रिंट किंचित थंड दिसते, ते चालेल. दोन्ही उजेडांत सारखी दिसणारी प्रिंट हवी असेल तर ब्राइटनर नसलेला कागद घ्यावा लागेल आणि तो या दरात मिळत नाही.

प्रोफाइल तपासणी: ज्या चौकोनांवरून प्रोफाइल बनलं त्यांच्यावरच ते तपासलं तर आकडा नेहमी गोड येतो, त्याला अर्थ नाही. वेगळे १०० चौकोन प्रोफाइलमधून छापून, दुसऱ्या दिवशी वाचले. सरासरी डेल्टा ई २००० (हव्या असलेल्या आणि छापलेल्या रंगातल्या फरकाचं माप) आला १.४, सर्वात वाईट ४.८, तोही गडद निळ्यात. स्टुडिओच्या कामाला पुरेसं.

२३ जून: खऱ्या फोटोंवर

छापतानाची ठरलेली मांडणी भिंतीवर चिकटवली:

फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’, आपलं प्रोफाइल, रिलेटिव्ह कलरिमेट्रिक (छापता येणारे रंग तसेच, बाकीचे जवळच्या रंगावर), ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (फाइलमधला काळा कागदाच्या काळ्यावर बसवणं) चालू. ड्रायव्हरमध्ये ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’.

‘चेहरे लाल मारतात’ याचं उत्तर इथेच मिळालं. फोटोशॉप रंग सांभाळत होतं आणि ड्रायव्हरही. दोघांनी दुरुस्ती केली की मॅजेंटा चढतो, चेहरा तांबूस आणि गडद होतो. दोघांपैकी एकच. ड्रायव्हर अपडेट झाला की हा पर्याय गुपचूप मूळपदावर जातो, म्हणून अपडेटनंतर पहिली प्रिंट टाकाऊ कागदावर.

सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी येईल ते पडद्यावरच बघणं: प्रूफ सेटअप, कस्टम, आपलं प्रोफाइल. ‘प्रिझर्व्ह आरजीबी नंबर्स’ची खूण काढलेली, ‘सिम्युलेट पेपर कलर’ची लावलेली. ही खूण लावल्यावर फोटो एकदम मेल्यासारखा होतो आणि लोक घाबरून ती काढतात. पण खरा आकडा तोच आहे. पडद्याचा काँट्रास्ट १००० ला १, ग्लॉसीवर आपल्या काळ्याचा एल-स्टार (० काळा, १०० पांढरा) ५, म्हणजे कागदाचा काँट्रास्ट १६० ला १ च्या आसपास. उपाय सोपा: खूण लावताना नजर बाजूला, फोटो पूर्ण पडद्यावर, मेन्यू आणि पॅनेल लपवलेली, मागे मधला राखाडी. पांढरा मेन्यू शेजारी असला की डोळा त्यालाच पांढरा धरतो. मिनिटभरात डोळा सरावतो आणि मग पडदा आणि टेबलावरची प्रिंट शेजारी ठेवता येते.

चार फोटो कसोटीला घेतले.

हळदीचा फोटो: चेहरा आणि हळद दोन्ही जुळले. पिवळ्या बाजूला डाय शाई चांगलीच ताकदवान आहे.

निळा शालू: पडद्यावर शुद्ध निळ्याच्या जवळ. तो रंग कोणत्याही शाईत नाही. सायनवर मॅजेंटा घातल्याशिवाय निळा होत नाही, आणि गडद करायला जावं तसा मॅजेंटा जिंकतो. सॉफ्ट प्रूफमध्ये तो आधीच जांभळट दिसला, म्हणजे प्रूफ खोटं बोलत नाही. निवडक भागात ह्यू (रंगछटा) थोडी सायनकडे सरकवली, सॅच्युरेशन १५ ने कमी. शालूचा तजेला थोडा गेला, रंग मात्र निळाच राहिला. गिऱ्हाइकाला हेच चालतं. फिका निळा खपतो, जांभळा नाही.

झेंडूचं तोरण: प्रिंटवर नारिंगी सपाट, पाकळ्या नाहीत. दोष छपाईत नव्हता. जेपीईजीमध्ये लाल चॅनेल २५५ ला टेकलेला, कॅमेऱ्याने जेपीईजी बनवतानाच तपशील गेलेला. रॉ फाइल उघडून एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली आणि अडोबी आरजीबीमध्ये (एसआरजीबीपेक्षा मोठ्या रंगपल्ल्यात) बदल, पाकळ्या परत.

मोरपंखी पैठणी: इथे उलटं. मोरपंखी आणि गडद सायनच्या बाजूला प्रिंटर एसआरजीबीच्या पलीकडे जातो. आपला मॉनिटर जात नाही. म्हणजे अडोबी आरजीबी फाइलमधून निघालेली प्रिंट पडद्यापेक्षा जास्त गडद, जास्त भरलेली येते. पडद्याशी जुळत नाही म्हणून ही प्रिंट ‘सुधारायची’ नाही. पदर शेजारी ठेवून पाहिला, प्रिंट पदराच्या जास्त जवळ होती.

२८ जून: मॅट कागद

सगळं पुन्हा: कागदाचा प्रकार ‘मॅट’, नवा तक्ता, वाळवणी, मोजणी. मॅट शाई पिऊन घेतो, सर्वात गडद काळा एल-स्टार १८ वरच थांबतो. काँट्रास्ट जेमतेम ३५ ला १. काळ्या चंद्रकळेतला निऱ्यांचा तपशील इथे मरतो. ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन बंद असेल तर एल-स्टार १८ च्या खालचं सगळं एकाच काळ्या ठिपक्यात जातं. चालू ठेवून, वर कर्व्हने गडद छटा उचलल्यावर निऱ्या दिसल्या. चंद्रकळा, काळा कोट, रात्रीचे फोटो शक्यतो ग्लॉसीवरच काढावेत, हे काउंटरला सांगून ठेवलं.

मॅटसाठी पर्सेप्च्युअल इंटेंटही (सगळेच रंग आक्रसून कागदाच्या पल्ल्यात बसवणारी पद्धत) पाहिला. गडद भागात बरा, पण चेहरे फिके. लग्नाच्या कामाला रिलेटिव्हच.

४ जुलै: आल्बमची लॅब

आल्बमची पानं बाहेरच्या कलर लॅबमध्ये चांदीच्या क्षारांच्या पारंपरिक फोटो कागदावर, आरए-४ या रंगीत प्रिंट धुण्याच्या रसायनात निघतात. तिथला उजेड आणि मशीन आपल्या हातात नाहीत. एवढंच करता येतं:

तोच तक्ता एसआरजीबी खूण लावून, ३०० पीपीआय, कमाल दर्जाच्या जेपीईजीमध्ये पाठवायचा. सोबत लेखी सूचना: ऑटो करेक्शन नको, आकार बदलू नये. पहिल्या खेपेला तक्ता आला तो उजळवलेला. राखाडी पट्टीच्या शेवटच्या तीन पायऱ्या पांढऱ्यात विरलेल्या. ऑपरेटरच्या सवयीने करेक्शन लागलेलं. दुसऱ्या खेपेचा ठीक.

त्या मोजणीवरून बनवलेलं प्रोफाइल फक्त सॉफ्ट प्रूफला वापरायचं. फाइल त्या प्रोफाइलमध्ये बदलून पाठवायची नाही. लॅबचं मशीन येणारं सगळं एसआरजीबीच धरतं आणि रसायन दिवसागणिक हलतं. दर आल्बमसोबत राखाडी पट्टीचं एक छोटं पान पाठवायचं ठरलं, खर्च एका प्रिंटचा. राखाडीवर हिरवट किंवा मॅजेंटा झाक दिसली की आल्बम बांधायच्या आत फोन करता येतो.

८ जुलै: गिऱ्हाइकाचा मोबाइल

‘मोबाइलवर तर असा नव्हता हो रंग’ हे वाक्य काउंटरवर रोज. अमोलेड पडदा, व्हिव्हिड मोड, ब्राइटनेस पूर्ण, आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून दाबून आलेला. त्याच्याशी कागद जुळणार नाही, जुळवायचाही नाही. काउंटरच्या टॅबवर नॅचरल मोड, ब्राइटनेस टेबलावरच्या कागदाइतका, आणि मंजुरी त्या टॅबवरच किंवा ४×६ च्या नमुना प्रिंटवर घ्यायची. मोठ्या कॅनव्हासच्या ऑर्डरला नमुना प्रिंट सक्तीची.

१४ जुलै: नव्या बाटल्या

सायन आणि फिकट मॅजेंटाच्या नव्या बाटल्या टाकीत. त्याच कंपनीच्या, नव्या लॉटच्या. २० जूनचे तपासणीचे १०० चौकोन पुन्हा छापले: सरासरी डेल्टा ई १.९. तेच प्रोफाइल चालू ठेवलं. सरासरी ३ च्या वर गेली किंवा राखाडी पट्टीवर डोळ्याला झाक दिसली तर नवा तक्ता. दुसऱ्या कंपनीची ‘कम्पॅटिबल’ शाई टाकल्यास मोजत बसू नये, सरळ नवं प्रोफाइल.

मॉनिटर पुन्हा मोजला: ११७ कँडेला, पांढरा जागेवर. महिन्यातून एकदा पुरे. ट्यूबचे लक्स दर तीन महिन्यांनी, धूळ पुसून झाल्यावर.

बाकी: मॅटचे तपासणी चौकोन अजून छापायचे आहेत. पावसाची झड थांबली की, किंवा एसी दुरुस्त झाला की.